सर्वांचा खजिना

मुलांनो, खजिन्याच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. जुना नकाशा, अंधारी गुहा, लोखंडी पेटी आणि पेटीत सोन्याच्या मोहरा! अशा गोष्टींत ज्याला खजिना सापडतो, तो त्याचा मालक होतो. पेटी उचलून तो घरी नेतो आणि गोष्ट संपते.

आज मी तुम्हांला एका वेगळ्याच खजिन्याची माहिती सांगणार आहे. हा खजिना सापडला, तरी घरी न्यायचा नसतो. तो जिथे होता तिथेच पुन्हा लपवून ठेवायचा असतो. तरीही जगातील लाखो माणसे तो शोधण्यासाठी डोंगर चढतात आणि रानावनांत हिंडतात. ती असे का करतात बरे?

'खजिना' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूतला 'खजाना' आणि मराठीतला 'खजिना' ही एकाच घरातली भावंडे आहेत.

या छंदाचे नाव आहे जिओकॅशिंग. 'जिओ' म्हणजे पृथ्वी. 'कॅश' म्हणजे लपवून ठेवलेली वस्तू किंवा ती लपवण्याची जागा. हा 'कॅश' म्हणजे रोख पैसा नव्हे. हा शब्द फ्रेंच भाषेतून आलेला आहे.

या छंदाचा जन्म अमेरिकेत झाला. पृथ्वीभोवती अमेरिकेचे काही उपग्रह फिरत असतात. त्यांच्या मदतीने आपण कोठे आहोत हे समजते. या व्यवस्थेला जी. पी. एस. म्हणतात. ती मुळात सैन्यासाठी उभारली होती. सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम थोडी चूक ठेवलेली असे. त्यामुळे जागा सुमारे शंभर मीटरपर्यंत चुकत असे. मे २००० च्या सुरुवातीस राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने ही चूक काढून टाकण्यात आली. एका रात्रीत सर्वांची यंत्रे पूर्वीपेक्षा कितीतरी अचूक झाली.

ओरेगॉन राज्यात राहणाऱ्या डेव्ह उल्मर यांना या अचूकतेची परीक्षा घ्यावीशी वाटली. ३ मे २००० रोजी त्यांनी बीव्हरक्रीक गावाजवळच्या झाडीत एक काळी बादली ठेवली. बादलीत पुस्तके, गलोल, शेंगांच्या दाण्यांचा बंद डबा अशा किरकोळ वस्तू होत्या. एक वही आणि पेन्सिलही होती. त्या जागेचे अक्षांश व रेखांश त्यांनी इंटरनेटवर जाहीर केले आणि एक साधा नियम सांगितला : काही घ्या, काही ठेवा. तीन दिवसांत दोन अनोळखी माणसांनी ती बादली शोधून काढली! आज त्या जागी एक स्मारकफलक आहे.

लपवण्या-शोधण्याचा असा खेळ त्याआधीही होता. इंग्लंडमध्ये डार्टमूर नावाचा ओसाड, दलदलीचा माळ आहे. १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने तेथील एका दुर्गम जागी एक बाटली ठेवली. तेथवर पोहोचणारा प्रवासी आपल्या नावाचे कार्ड त्या बाटलीत टाकी. पुढे बाटलीच्या जागी पेट्या आल्या आणि कार्डांच्या जागी रबरी शिक्के आले. उल्मर यांच्या खेळात उपग्रहांची भर पडली, एवढेच.

आता तुम्ही विचाराल, घनदाट झाडीतली एक बादली केवळ आकड्यांवरून कशी सापडते? भूगोलात तुम्ही 'अर्जुल बलद' आणि 'तूलुल बलद' शिकला आहात. मराठीत त्यांना अक्षांश आणि रेखांश म्हणतात. उल्मर यांच्या बादलीचा पत्ता असा होता : उत्तर अक्षांश ४५ अंश १७.४६० मिनिटे, पश्चिम रेखांश १२२ अंश २४.८०० मिनिटे. या पत्त्यात ना गल्ली आहे, ना घरक्रमांक. पण तो किती नेमका आहे पाहा. अक्षांशाच्या एका अंशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर असते. अंशाचे ६० भाग केले, की एक मिनिट होते. एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. मिनिटाचे पुन्हा एक हजार भाग केले, तर प्रत्येक भाग होतो सुमारे १.८५ मीटर. म्हणजे जवळजवळ एका उंच माणसाएवढा!

यंत्राला हे आकडे उपग्रहांकडून कळतात. हे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह 'मी येथे आहे आणि आता इतके वाजले आहेत' असा संदेश सतत पाठवतो. तो संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. त्याला आपल्यापर्यंत पोहोचायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. संदेश किती वेळात आला यावरून यंत्र त्या उपग्रहाचे अंतर काढते. किमान चार उपग्रहांची अंतरे कळली, की आपली जागा ठरते. वेळ मोजण्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरने चुकेल. म्हणूनच या उपग्रहांत अतिशय अचूक घड्याळे बसवलेली असतात. आज असे यंत्र मोबाईल फोनमध्येही असते.

पण यंत्र आपल्याला डब्याच्या जवळ, काही मीटर अंतरावर आणून सोडते. पुढचे काम डोळ्यांचे आणि डोक्याचे. डबा झाडाच्या ढोलीत असेल, दगडांच्या फटीत असेल, नाहीतर जुन्या कुंपणाच्या खांबाला चिकटवलेला असेल. काही डबे जेवणाच्या डब्याएवढे असतात, तर काही बोटाच्या पेराएवढे. शोधणे किती अवघड आणि वाट किती बिकट, हे सांगण्यासाठी प्रत्येक डब्याला एकपासून पाचपर्यंत गुण दिलेले असतात.

डबा सापडला, की आतल्या वहीत आपले नाव आणि तारीख लिहायची. एखादी वस्तू घेतली, तर तेवढ्याच किंवा त्याहून अधिक मोलाची वस्तू ठेवायची. मग डबा नीट बंद करून होता तसा लपवायचा. खाण्याचे पदार्थ डब्यात ठेवायचे नाहीत, कारण वासाने जनावरे येतात. चाकू, काडेपेटी, फटाके ठेवायचे नाहीत. डबा पुरण्यासाठी जमीन खणायची नाही. ज्याची जागा असेल, त्याची परवानगी घ्यायची. अनेक जण येताना पिशवीही आणतात आणि वाटेवरचा कचरा गोळा करून नेतात.

आज जगभर असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत. अंटार्क्टिका खंडावरही आहेत. २००८ साली रिचर्ड गॅरियट या प्रवाशाने आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही एक 'खजिना' ठेवला!

मुलांनो, या सर्व डब्यांना कुलूप नसते. राखणदार नसतो. कोणी सगळ्या वस्तू घेऊन गेला, तर त्याला पकडणारे तेथे कोणी नसते. मग हा खेळ चालतो कसा? तो विश्वासावर चालतो. ठेवणारा आपल्याला ओळखत नाही, आपल्यानंतर येणाऱ्याला आपण ओळखत नाही. तरीही प्रत्येक जण दुसऱ्यासाठी डबा जपतो. उर्दूत आपण अशा ठेवीला 'अमानत' म्हणतो. मराठीतला 'अनामत' हा शब्द त्याच शब्दाचा सोबती आहे.

एकदा आठवीच्या मुलांबरोबर मी हा खेळ शाळेच्या आवारात खेळलो. आमच्याजवळ यंत्र नव्हते. होकायंत्र, म्हणजे तुमचे 'कुतुबनुमा', मात्र होते. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात आम्ही पेन्सिली, गोट्या, खोडरबरे आणि एक वही ठेवली. फाटकापासून उत्तरेकडे चाळीस पावले, मग पूर्वेकडे पंचवीस पावले, असा पत्ता फळ्यावर लिहिला. पहिल्या दिवशी सात मुलांनी वहीत नावे लिहिली. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर डब्यात फक्त वही! मुले रागावली. "सर, सगळ्यांची दप्तरे तपासा," असे काही जण म्हणाले. मी दप्तरे तपासली नाहीत. एक मुलगी म्हणाली, "सर, आपण पुन्हा ठेवू या." तिने स्वतःची पेन्सिल डब्यात टाकली. मग आणखी चौघांनी काही ना काही ठेवले. शनिवारी डबा उघडला, तेव्हा त्यात आधीच्या गोट्या परत आल्या होत्या. वहीत एक ओळ होती, "मी नेल्या होत्या." खाली नाव नव्हते. ते नाव आम्ही शोधले नाही.

हा खेळ खेळताना एक काळजी मात्र घ्यावी लागते. २०११ साली इंग्लंडमधील वेदरबी गावात एका उपाहारगृहाबाहेर कोणीतरी अशीच छोटी डबी ठेवली होती. ती पाहून लोकांना बाँबचा संशय आला. रस्ता बंद करावा लागला आणि लष्कराच्या पथकाने ती डबी स्फोटाने नष्ट केली. 'बेवारस वस्तूला हात लावू नका' ही सूचना तुम्ही रेल्वे स्थानकावर ऐकली असेल. ती नेहमी पाळा. स्टेशन, बाजार, प्रार्थनास्थळ अशा गर्दीच्या जागी डबा कधीही ठेवू नका. खेळ शाळेच्या किंवा घराच्या आवारात, मोठ्यांना सांगून खेळा. रानात, डोंगरावर एकट्याने जाऊ नका.

सुट्टीत एक रिकामा डबा घ्या. त्यात वही ठेवा, चार छोट्या वस्तू ठेवा आणि मित्रांना दिशा व पावले सांगा. त्यांनी डबा शोधल्यावर वही उघडून पाहा. किती नावे आहेत ते मोजा. तुमच्या खजिन्यातली सर्वांत मौल्यवान वस्तू तीच असेल.

शब्दार्थ

मोहर – सोन्याचे नाणे. दुर्गम – जेथे पोहोचणे कठीण आहे असे. वाटाड्या – रस्ता दाखवणारा. ढोली – झाडाच्या खोडातील पोकळी. बिकट – अवघड. ठेव – विश्वासाने सोपवलेली वस्तू. बेवारस – ज्याला मालक नाही असे.

स्वाध्याय

१. गोष्टीतला खजिना आणि या पाठातला खजिना यांत कोणता फरक आहे?
२. आपली जागा ठरवण्यासाठी यंत्राला किमान किती उपग्रह लागतात?
३. डब्यात खाण्याचे पदार्थ का ठेवू नयेत?
४. शिक्षकांनी मुलांची दप्तरे का तपासली नसतील? तुमचे मत चार-पाच वाक्यांत लिहा.
५. 'खजिना' आणि 'अनामत' यांसारखे उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे पाच शब्द शोधून लिहा.