लंगडी कोंबडी : एक लक्षण, अनेक कारणे

कोंबडी हा पायांवर जगणारा पक्षी आहे. पहाटे खुराड्याचे दार उघडल्यापासून दिवेलागणीपर्यंत ती उकिरडा उकरते, कुंपणाच्या कडेने किडे वेचते, सांडलेले दाणे शोधीत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते. पाय धड असतील तर मालकाला तिच्या दाण्याची फारशी चिंता करावी लागत नाही. पाय अधू झाले, की तीच कोंबडी दोन-चार दिवसांत उपाशी पडते, अंडी देणे थांबवते आणि कुत्र्या-मांजरांच्या तावडीत सापडते. असे असूनही आजारी कोंबडीची तपासणी तुऱ्यापासून सुरू होते आणि पायांपर्यंत क्वचितच पोचते.

पैनगंगेच्या दक्षिणेस पसरलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. नदीच्या पलीकडे यवतमाळ आणि चंद्रपूर, पश्चिमेस नांदेड. त्यामुळे १९५६ पूर्वी हैदराबाद राज्यात आणि २०१४ पासून तेलंगणात असलेल्या या मुलखात तेलुगू आणि गोंडीच्या जोडीने मराठीही घरोघरी ऐकू येते. काळ्या जमिनीत कापूस, तूर आणि ज्वारी पिकवणारा शेतकरी असो, की उटनूरच्या डोंगराळ भागातील गोंड वा कोलाम कुटुंब असो, परसात पाच-दहा कोंबड्या असतातच. देवकार्याला कोंबडा लागतो, पाहुण्याला जेवण लागते, आणि मुलाच्या वहीसाठी किंवा औषधासाठी रोकड लागली की आठवड्याच्या बाजारात कोंबडीच विकली जाते. गरिबाच्या घरची ती चालती-बोलती पुरचुंडीच होय.

येथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही, की लंगडणे हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. त्यामागे जखम असू शकेल, कीड असू शकेल, आहारातील उणीव असू शकेल किंवा साथीचा रोगही असू शकेल. चारही प्रसंगी उपाय अगदी वेगळे आहेत. जखमेवर जो उपाय चालतो तो साथीवर चालत नाही. आणि साथीची कोंबडी जखमी समजून बाजारात नेली, तर एका घराचे नुकसान साऱ्या गावाचे होते.

निरोगी पाय कसा असतो हे आधी माहीत हवे. त्याचे खवले कौलांप्रमाणे एकावर एक सपाट बसलेले असतात. तळवा मऊ, पण अखंड असतो. पुढची तीन व मागचे एक अशी बोटे सरळ पसरतात आणि दोन्ही पायांवर भार सारखा पडतो. पिवळ्या पायांची कोंबडी अंड्यावर आली, की पायांचा पिवळेपणा हळूहळू उतरतो. हा आजार नव्हे; तो रंग अंड्यातील बलकाकडे वळलेला असतो. पाहणीसाठी संध्याकाळची वेळ उत्तम. कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर शांत असतात, पाठलाग न करता हाती येतात. आठवड्यातून एकदा प्रत्येकीचे दोन्ही पाय दिव्याच्या उजेडात उलटून पाहावेत.

जखमांची कारणे या भागात पावलोपावली आहेत. पऱ्हाटी आणि तूर कापल्यावर शेतात उरलेली धसकटे तळव्यात घुसतात. सुतळीचे तुकडे, कापसाचे धागे आणि माणसांचे केस बोटांभोवती गुंडाळले जातात. ते हळूहळू आवळत जाऊन रक्त थांबते आणि बोट काळे पडून गळते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल नखांभोवती साचून दगडासारखा टणक गोळा होतो. तो ओढून काढू नये, नखच उपटून येते. कोमट पाण्यात पाय भिजवून गोळा विरघळू द्यावा. कोंबडा एका पायाने खुंटीला बांधून ठेवण्याची रीतही घातक आहे. बांधणे अटळच असेल तर बारीक दोरीऐवजी रुंद, मऊ कापडी पट्टी वापरावी आणि पाय रोज बदलावा.

लहान जखमेतून जंतू आत शिरले, की तळव्याला गळू होते. मध्ये काळी, कडक खपली आणि भोवती सूज ही त्याची खूण. आतील पू पातळ नसतो, तो खव्यासारखा घट्ट असतो. म्हणून नुसते दाबून तो निघत नाही. उंचावरून उड्या मारणाऱ्या आणि वजनदार पक्ष्यांना हा त्रास अधिक होतो. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेली ‘वनराजा’ ही जात गावठी कोंबडीपेक्षा अंगाने जड आहे. ती पाळणाऱ्यांनी बसण्याची दांडी दीड-दोन फुटांपेक्षा उंच ठेवू नये; तिच्या कडा घासून गोल कराव्यात आणि खाली कोरडा भुसा अंथरावा. गळू आरंभीचे असेल तर कोमट मिठाच्या पाण्यात पाय शेकून, पुसून, जंतुनाशक लावून स्वच्छ पट्टी बांधावी. सूज वाढली असेल तर घरी चाकू चालवू नये; पशुवैद्याकडे जावे. हे जंतू माणसाच्या जखमेतही शिरतात, म्हणून हात साबणाने धुण्यास विसरू नये.

दुसरे कारण कीड. डोळ्यांना सहज न दिसणारा एक किडा पायाच्या खवल्यांखाली घर करतो. खवले उचलले जातात, त्यांवर पांढरट भुकटी व खडबडीत पापुद्रे चढतात, आणि शेवटी पाय जुन्या झाडाच्या सालीसारखा दिसू लागतो. पुष्कळ लोक हे म्हातारपण समजून सोडून देतात. वस्तुतः तो संसर्ग आहे आणि एकाच दांडीवर बसणाऱ्या सर्व कोंबड्यांत पसरतो. साबणाच्या कोमट पाण्यात पाय दहा मिनिटे भिजवून, मऊ ब्रशाने सुटे पापुद्रे तेवढे काढावेत, पाय कोरडा करून खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन जाड लावावे. तेलाच्या थराखाली किडा गुदमरतो. आठवड्यातून दोन-तीनदा, काही आठवडे हे नेमाने करावे. सर्व पक्ष्यांवर एकाच वेळी करावे आणि दांडीही साफ करावी. रॉकेल किंवा गाडीचे जळके तेल मात्र लावू नये. त्याने कातडी भाजते.

तिसरे कारण आहाराचे. या संबंधात कोंबड्यांनी मानवजातीवर मोठे उपकार केले आहेत. १८९० च्या सुमारास ख्रिस्तियान आइकमन हा डच वैद्य जावा बेटावर बेरीबेरीचा अभ्यास करीत होता. त्याच्या कोंबड्यांचे पाय एकाएकी लुळे पडले, आणि पुढे त्या आपोआप बऱ्याही झाल्या. शोध घेता असे आढळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातील उरलेला पांढरा भात घातला जात होता. नव्या आचाऱ्याने तो देण्याचे नाकारल्यावर कोंड्यासहितचा तांदूळ मिळू लागला आणि पाय सुधारले. जीवनसत्त्वांच्या शोधाकडे नेणाऱ्या या कामाबद्दल आइकमनला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आजही डालून ठेवलेल्या पिलांपुढे केवळ पांढरा भात टाकला जातो, तेव्हा तोच धडा विसरला जातो. ‘ब’ गटातील एका जीवनसत्त्वाच्या उणिवेने पिलांची बोटे मुठीसारखी आत वळतात. उन्हाच्या व चुन्याच्या अभावी हाडे वाकतात. ज्वारी, तांदळाचा कोंडा, पालेभाजी, वाळवी आणि किडे यांचा मिश्र आहार, रोज काही वेळ ऊन, आणि अंड्यावरच्या कोंबडीला भाजून कुटलेली अंड्याची टरफले, हा उपाय जवळजवळ फुकट आहे.

चौथे कारण सर्वांत गंभीर. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, या रोगात पाय व पंख लुळे पडतात, मान पिरगळते, हिरवी हगवण लागते आणि पाहता पाहता खुराडे रिकामे होते. मारेक नावाच्या रोगात तरुण पक्ष्याचा एक पाय पुढे व एक मागे ताणलेला दिसतो. दोहोंवर औषध नाही. प्रतिबंध मात्र आहे. मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकात थेंब टाकून, आणि पुढे सहा ते आठ आठवड्यांच्या वयात टोचून देतात. मारेकची लस पिलू अंड्यातून बाहेर येताच द्यावी लागते. म्हणून उबवणी केंद्रातून पिले घेताना ती दिली आहे की नाही हे विचारून घ्यावे. अनेक पक्षी एकाएकी मरू लागले, तुरे निळे पडले आणि पायांवर रक्ताचे लाल ठिपके दिसले, तर तो बर्ड फ्लूही असू शकतो. अशा वेळी पक्ष्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे.

शेवटी बाजाराविषयी. पाय बांधून, डोके खाली लोंबकळत कोंबड्या नेण्याची दृश्ये आठवडी बाजारात नवी नाहीत. त्याने सांधे निखळतात, मांड्यांत रक्त साकळते आणि पक्षी गुदमरतो. प्राण्याला विनाकारण यातना होतील अशा रीतीने वाहून नेणे १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवले आहे. हवेशीर टोपली हाच योग्य मार्ग. विकत आणलेली कोंबडी पहिले दोन-तीन आठवडे निराळी ठेवावी, आणि घरची लंगडी कोंबडी कारण कळल्यावाचून बाजारात नेऊ नये.

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, तसा डालग्याखाली लपवलेला रोगही लपून राहत नाही. तो शेजारच्या खुराड्यात प्रकट होतो. आठवड्यातून एका संध्याकाळी दिलेली दहा मिनिटे गरिबाची ही पुरचुंडी राखण्यास पुष्कळ उपयोगी पडतील.