दोहा ते अल खोर : तेहतीस किलोमीटर आणि वाटेत एकही चौक नाही

हिवाळ्यातील शुक्रवारी पहाटे दोह्याच्या उत्तर भागात, गोल्फ क्लबच्या परिसरात, मोटारींच्या पाठीवरून आणि डिकीतून सायकली उतरवल्या जात असतात. कोणी हवा तपासतो, कोणी दिवा लावून पाहतो, आणि उजाडण्याच्या सुमारास ही मंडळी उत्तरेकडे निघतात. त्यांत भारतीय पुष्कळ असतात. पुण्यात, नाशिकमध्ये किंवा नागपुरात सायकलवर शाळा-कॉलेज केलेल्या आणि नोकरीसाठी आखातात आल्यावर वर्षानुवर्षे सायकलला न शिवलेल्या अनेकांना ती पुन्हा जवळची वाटू लागली आहे, ती या एका मार्गामुळे.

अल खोर रस्त्याला लागून जाणारा हा सायकलपथ ‘ऑलिंपिक सायकलिंग ट्रॅक’ या नावाने ओळखला जातो. कतारच्या सार्वजनिक बांधकाम प्राधिकरणाने, म्हणजे ‘अश्घाल’ने, तो बांधला. लांबी सुमारे ३३ किलोमीटर, रुंदी ७ मीटर. कतार विद्यापीठ आणि लुसैलच्या बाजूने तो अल खोर शहराच्या वेशीपर्यंत जातो. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाचा पहिला सामना ज्या तंबूच्या आकाराच्या अल बैत स्टेडियममध्ये झाला, ते तेथून जवळच आहे.

२०२० मध्ये या मार्गाच्या नावावर दोन गिनेस विक्रम नोंदले गेले. पहिला सलग सायकलपथाच्या लांबीचा, ३२.८६९ किलोमीटर. दुसरा न थांबता अंथरलेल्या डांबरी थराचा, २५.२७५ किलोमीटर. विक्रमांचे फलक हा आखाती शहरांचा जुना छंद आहे आणि त्याकडे थोडे हसून पाहिले तरी चालेल. पण दुसऱ्या विक्रमाचा उपयोग सायकलस्वाराच्या मनगटाला कळतो. डांबर टाकण्याचे काम रात्री थांबले की कडेचा थर थंड होतो, आणि सकाळी त्याला नवा थर जोडताना सांधा राहतो. मोटारीत हा सांधा जाणवतही नाही, मात्र अरुंद, कडक हवा भरलेल्या टायरवर तो प्रत्येक वेळी दणका देतो. काम सलग झाले की असे सांधे उरत नाहीत.

तरीही या मार्गाचे खरे मोल त्याच्या लांबीत किंवा गुळगुळीतपणात नाही. ते आहे छेदनबिंदूंच्या हिशेबात. सायकलस्वाराला मागून येणाऱ्या गाडीची भीती अधिक वाटते, परंतु मार्ग एकमेकांना छेदतात तेथील धोका त्याच्या सहसा ध्यानात येत नाही. आखातातील द्रुतगती रस्त्यांवर हा प्रश्न अधिक तीव्र होतो. मुख्य रस्त्यावरून बाहेर पडणारी मार्गिका लांब आणि वळणदार असते, त्यामुळे तेथे गाडीला वेग फारसा कमी करावा लागत नाही. कडेने सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराला तीच मार्गिका ओलांडायची असते, आणि चालकाचे लक्ष मात्र पुढच्या वळणावर असते. अशा ठिकाणी रंगवलेला पांढरा पट्टा काहीही अडवत नाही. अल खोर मार्गावर यावर एकच उपाय केला आहे : जेथे गाड्यांची वाट आडवी येते, तेथे सायकल भुयारी मार्गाने खालून किंवा पुलाने वरून जाते. घरून निघालेल्या माणसाची वाट पाहणाऱ्यांना जी निश्चिंती मिळते, ती या खर्चिक भुयारांमुळे.

वाहने नसली की धोकाच नाही, असे मात्र नव्हे. ताशी ५० किलोमीटर वेगाचा विचार करून हा मार्ग आखलेला आहे. म्हणजे पातळ चाकांवरून झुंडीने येणारे शर्यतबाज आणि मागे लहान सीट बांधून निघालेले कुटुंब एकाच डांबरावर असतात. येथे मराठी सायकलस्वाराची एक जुनी सवय आड येते. समोरून कोणी अचानक आला की भारतात वाढलेला हात हँडल आपोआप डावीकडे वळवतो. कतारमध्ये वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे तो डावीकडे वळतो आणि समोरचा स्वतःच्या उजवीकडे, आणि दोघे एकाच बाजूला येतात. मोटार चालवताना ही सवय लवकर मोडते, कारण स्टीअरिंगच दुसऱ्या बाजूला असते. सायकलचे हँडल तशी कोणतीच आठवण करून देत नाही. पहिले काही आठवडे हे मुद्दाम घोकावे लागते : आपण उजवीकडे, ओलांडणारा डावीकडून.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. कतारमधला सर्वांत उंच भाग, देशाच्या दक्षिणेकडील कुरैन अबू अल बौल, जेमतेम १०३ मीटरचा. सह्याद्रीत सायकल चालवलेल्याला हा देश सपाटच वाटणार. पण येथे घाटाचे काम वारा करतो. वायव्येकडून येणारा ‘शमाल’ अल खोरकडे जाणाऱ्याच्या तोंडावर येतो. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला समोरून २० चा वारा लागला, तर अंगावर ३८ च्या वेगाची हवा आदळते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो वारा नसतानाच्या साडेचार पट होतो. म्हणून नवख्याने गोल्फ क्लबकडून उत्तरेला निघावे हेच शहाणपणाचे : ताज्या पायांनी वाऱ्याशी झुंज आणि थकल्यावर त्याच वाऱ्याची पाठीवर थाप. अल खोरला राहणाऱ्याने हेच गणित उलट मांडावे. त्याला जाताना वारा साथ देतो, लुसैलपर्यंत आपण भलतेच तगडे आहोत असे वाटू लागते, आणि सत्य परतीच्या वाटेवर कळते. सपाटीचा आणखी एक त्रास असा की उतारच नाही. पाय मारणे थांबवून सीटवरून उठण्याचे निमित्त मिळत नाही, ते मुद्दाम काढावे लागते.

हा वारा व्यावसायिकांनाही चुकला नाही. २००२ ते २०१६ या काळात होणाऱ्या ‘टूर ऑफ कतार’ शर्यतीची ख्याती डोंगरांची नव्हे, आडव्या वाऱ्याची होती. बेल्जियमच्या टॉम बूननने ती चार वेळा जिंकली. १६ ऑक्टोबर २०१६ रोजी दोह्यात झालेल्या जागतिक रस्ता-सायकल स्पर्धेतही वाळवंटातल्या आडव्या वाऱ्याने मोठा घोळका फोडला. पुढे राहिलेल्यांतून स्लोव्हाकियाचा पीटर सागन विजेता ठरला, मार्क कॅव्हेंडिश दुसरा, बूनन तिसरा. आडवा वारा आला की स्वार एकमेकांच्या आडोशाला तिरकी रांग धरतात. शर्यतीत हे कौशल्य असते. खुल्या सायकलपथावर मात्र अशी रांग समोरच्याची वाट अडवते, तेथे ती धरू नये.

उन्हाविषयी सांगायची गरज भासू नये, पण सांगावे लागते, कारण चालत्या सायकलवर ऊन कळत नाही. वाऱ्याने घाम वाळतो आणि शरीर किती पाणी गमावते आहे याचा अंदाज चुकतो. थांबल्यावर एकदम गरगरते. २०२१ पासून कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करण्यास बंदी आहे. कामगारासाठी जी वेळ धोक्याची, ती हौशी स्वारासाठीही तशीच. नोव्हेंबर ते मार्च हा खरा हंगाम. जूनमध्ये जायचेच असेल तर पावणेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो, त्याआधी निघून सातच्या आत घर गाठावे. जाऊन-येऊन ६६ किलोमीटर होतात. सावकाश चालवणाऱ्याला विश्रांती धरून पाच तास लागू शकतात, आणि तासाला अर्धा ते एक लिटर पाणी या हिशेबाने बाटल्यांचे वजन लक्षात येते. सगळे अंतर एका दमात कापण्याची सक्तीही नाही. वाटेत मोटारी लावण्याच्या जागा आहेत, तेथून दहा-पंधरा किलोमीटरचा तुकडा निवडता येतो.

आता निसर्गाविषयी. लुसैलच्या उंच इमारती मागे पडेपर्यंत या वाटेला रम्य म्हणणे हा शिष्टाचार ठरेल. शेजारी रुंद महामार्ग आहे, आणि वाहने पथावर नसली तरी त्यांचा घोष कानांवर असतोच. पुढे दोन्ही बाजूंना फिकट, खडकाळ वाळवंट मोकळे होते. खरी दौलत मार्ग संपल्यानंतर आहे. अल खोरच्या खाडीत एक छोटे बेट आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात तेथे शंखांपासून जांभळा रंग काढला जात असे, म्हणून त्याला ‘पर्पल आयलंड’ म्हणतात. आणखी उत्तरेला अल थखिरा येथे खारफुटीचे रान आहे. तेथील झाड कोकणातल्या माणसाला परके वाटणार नाही. आपल्याकडे खाडीकाठी ज्याला ‘तिवर’ म्हणतात, तेच हे. श्वासमुळे चिखलातून वर काढून उभी असलेली ही झाडे भरती-ओहोटीवर जगतात. पावसाची वर्षाची सरासरी शंभर मिलिमीटरसुद्धा नसलेल्या देशात ही हिरवाई पाहून क्षणभर रत्नागिरीच्या खाड्या आठवतात.

पण तेथवर सायकलने पोहोचायचे तर संरक्षित मार्ग सोडावा लागतो, आणि या साऱ्या कौतुकाची मर्यादा येथेच दिसते. भटकंतीसाठी केवळ लांब रेषा पुरत नाही, जाळे लागते. नेदरलँड्समध्ये ग्रामीण सायकलवाटांच्या छेदांना क्रमांक दिलेले आहेत. चार-पाच आकडे कागदावर लिहून घेतले की दिवसभराची सहल ठरते. कतारमध्ये रेषा उत्तम आहे, परंतु तिच्या दोन्ही टोकांना पुष्कळांना मोटारीनेच यावे लागते. पुण्याचे दुखणे याच्या उलट आहे. महापालिकेच्या २०१७ च्या आराखड्यात ८२४ किलोमीटरचे जाळे कागदावर आले, पण प्रत्यक्षातले सायकलपथ चौकाचौकात तुटतात, कोठे वाहनतळ होतात, कोठे टपऱ्यांखाली जातात. एकीकडे जाळ्याविना रेषा, दुसरीकडे रेषेविना जाळे.

कतारमध्ये आणखी एक सायकलस्वार आहे, तो शुक्रवारी पहाटे गोल्फ क्लबजवळ दिसत नाही. तो वसाहतीतून कामावर आणि कामावरून दुकानात जातो, बहुधा जुन्या, जड सायकलवर, अनेकदा दिव्याविना. त्याची ये-जा शहराच्या दुसऱ्या भागांत, गोदामांच्या आणि बांधकामांच्या रस्त्यांवर होते, आणि छेदनबिंदूंचा धोका त्याला रोज दोनदा पत्करावा लागतो. हेल्मेट, परावर्तक जॅकेट आणि पुढचा-मागचा दिवा या वस्तू महागड्या सायकलीसोबत आपसूक येतात, त्याच्याकडे मात्र त्या सहसा नसतात. घरात पडून असलेले जुने पण चांगले दिवे आणि जॅकेटे अशा कोणाला देणे अवघड नाही. हेल्मेट मात्र पडलेले किंवा तडा गेलेले असेल तर देऊ नये, त्याचा आतला फेस एकदा दबला की पुन्हा धक्का शोषत नाही.