शीतकपाटामागची हवा

शीतकपाट, म्हणजेच फ्रिज, थंडावा निर्माण करत नाही, तर पदार्थांतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, आणि ती ज्या नळ्यांतून खोलीच्या हवेत जाते त्यांना संघनित्र म्हणतात. मीरा-भाईंदरमधल्या लहान सदनिकांत फ्रिज अनेकदा फर्निचरच्या बंदिस्त कप्प्यात कोंबला जातो; तिथे तापलेली हवा अडकते, संघनित्र निवत नाही आणि वायू दाबणारा कॉम्प्रेसर अधिक वेळ चालून वीज खातो. खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या या शहराची दमट, खारी हवा नळ्यांना गंजही लवकर चढवते.

कॅरॅव्हॅनमधला, म्हणजे चाकांवरच्या घरातला फ्रिज तापलेल्या हवेला वाट देण्याचे तत्त्व अधिक स्पष्ट करतो. तो बहुधा शोषण-पद्धतीचा असतो; १९२२ साली स्वीडनमधल्या प्लाटेन आणि मुंटर्स या विद्यार्थ्यांनी शोधलेल्या अशा फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो, उष्णतेच्या जोरावर अमोनिया फिरतो, आणि म्हणूनच अशा फ्रिजमागच्या भिंतीत खाली एक व वर एक झरोका ठेवतात, जेणेकरून खालून शिरलेली हवा तापून हलकी होईल आणि वरून निघून जाईल. घरातल्या कप्प्यालाही असे दोन झरोके ठेवणे सहज शक्य आहे. अनेक नव्या फ्रिजमध्ये संघनित्र बाजूच्या पत्र्याआड असल्याने केवळ मागे नव्हे, तर दोन्ही बाजूंनाही पुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा सोडावी लागते.