फ्रिजमधली पपई उष्ण कशी?

शिक्षकांच्या एका शिबिरात सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी आपल्या वर्गातला एक प्रसंग सांगितला. उष्णता आणि तापमान हा धडा चालू असताना एका मुलीने विचारले, "बाई, पपई उष्ण असते म्हणतात. मग फ्रिजमध्ये ठेवलेली पपईपण उष्णच का?" वर्ग हसला. पण त्या मुलीच्या वहिनीला दिवस गेले होते आणि घरात पपई बंद झाली होती. प्रश्न तिथून आला होता, त्यामुळे तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

पहिली गोष्ट सरळ आहे. इथे 'उष्ण' हा शब्द तापमापीवर मोजायच्या राशीबद्दल नाही. आयुर्वेदात द्रव्याचा विचार रस, वीर्य आणि विपाक अशा तीन पायऱ्यांनी होतो. जिभेला लागताच कळते ती चव म्हणजे रस. पचन पूर्ण झाल्यावर जो परिणाम उरतो तो विपाक. द्रव्य ज्या शक्तीने शरीरात काम करते ते वीर्य. वीर्ये आठ मानणारेही होते, पण रूढ झाली ती दोनच : उष्ण आणि शीत.

चरकसंहितेतला विपाकाचा नियम असा : गोड आणि खारट पदार्थांचा विपाक मधुर, आंबटांचा अम्ल, आणि तिखट, कडू, तुरट या तिन्हींचा कटू. (संस्कृतात 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. मराठी कानाला हे उलटे वाटते, म्हणून वर्गात आधी सांगितलेले बरे.)

खरी गंमत अपवादांत आहे. सुंठ, मिरी आणि पिंपळी तिन्ही तिखट. पण कटू विपाक सांगितला आहे तो मिरीचा, सुंठ-पिंपळीचा मात्र मधुर. आवळा आंबट-तुरट, तरी त्याचे वीर्य शीत आणि विपाक मधुर. दूध आणि मासे दोन्ही मधुर. पण दूध शीत, मासे उष्ण, म्हणून ते एकत्र खाऊ नयेत असे सांगितले. चित्रक आणि दंती यांचे रस, वीर्य, विपाक तिन्ही सारखे. तरी दंती रेचक आहे, चित्रक नाही. अशा ठिकाणी 'प्रभाव' हा चौथा शब्द वापरला आहे. म्हणजे हे वर्गीकरण करणाऱ्यांनी नियमात न बसणारी निरीक्षणे दडवली नाहीत, नोंदवून ठेवली. शास्त्रीय वृत्तीचा हा भाग मुलांना जरूर दाखवावा.

आता आजचे विज्ञान काय सांगते? १९९७ साली डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जातंतूंच्या टोकांशी असलेले एक ग्राही प्रथिन शोधले. ते सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेले की जागे होते, आणि मिरचीतल्या कॅप्साइसिननेही होते. मेंदूला जाणारा संदेश एकच : भाजते आहे. मिरीतले पायपरीनही याच प्रथिनाला जागे करते. २००२ साली ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांनी स्वतंत्रपणे थंडीचे ग्राही प्रथिन शोधले. ते मेंथॉलनेही जागे होते. या दोघांना २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वर्गात करून पाहा. पेल्यात साधे पाणी घ्या, तापमान मोजा, एक घोट प्या. मग पेपरमिंटची गोळी चघळून त्याच पेल्यातला दुसरा घोट घ्या. पाणी गारेगार लागेल. तापमापीतला आकडा मात्र तोच असेल.

इथे एक मोह होतो. 'बघा, वीर्य विज्ञानाने सिद्ध झाले' असे म्हणावेसे वाटते. ते बरोबर नाही. हे शोध जिभेवरच्या संवेदनेचे आहेत. आवळा जिभेला गार लागत नाही, तरी तो शीतवीर्य. पुदिना तोंडाला थंडावा देतो, तरी आजची द्रव्यगुणाची पुस्तके त्याला उष्णवीर्य म्हणतात. वीर्य ही वेगळीच कल्पना आहे. शिवाय विपाक परिणामावरूनच ओळखायचा असतो. परिणाम पाहून विपाक ठरवायचा आणि मग त्याच परिणामाचे कारण म्हणून विपाक सांगायचा, तर आपण जागच्या जागी फिरतो. परीक्षा व्हायची तर भाकीत आधी करावे लागेल आणि पडताळा नंतर.

पपईकडे परत येऊ. पपई आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातल्या. सोळाव्या शतकात युरोपीय लोकांबरोबर त्या इकडे आल्या. चरकसंहितेत त्या असणे शक्यच नाही. त्यांच्यावर 'उष्ण' हा शिक्का नंतर बसला. २००२ साली सिंगापूरच्या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशयाचे स्नायू जोराने आकुंचन पावले. पिकलेल्या पपईच्या रसाने तसा लक्षणीय परिणाम दिसला नाही. उंदरांवरून माणसांबद्दल अखेरचा निर्णय देता येत नाही. पण घरातल्या धास्तीला काही आधार असेल तर तो कच्च्या फळाच्या चिकात असावा, हे यातून सुचते. 'उष्ण' या एका शब्दाने कच्चे-पिके, थोडे-फार हा भेदच पुसला जातो, आणि 'अ' जीवनसत्त्व देणारे स्वस्त फळ, ज्या काळात त्याची गरज असते तेव्हाच, ताटातून जाते.

म्हणून बाईंनी त्या मुलीला काय सांगावे? पपई फ्रिजमध्ये थंड होते, तापमापी खोटे बोलत नाही. घरात म्हणतात तो 'उष्ण' निराळा. तो परिणामाबद्दलचा दावा आहे. अशा दाव्याला तीन प्रश्न विचारायचे : कोणती पपई, किती, आणि हे कसे तपासले? वहिनीने काय खावे हे डॉक्टरांना विचारावे. पण विचारतानाही हेच तीन प्रश्न बरोबर न्यावेत.