कोरियाची सोजू आणि तिचा कच्चा माल

मळीपासून मद्यार्क निघतो हे आपणांस ठाऊक आहेच. आता कोरियाची हकीगत ऐका. तिथल्या शेतकऱ्याची जुनी दारू म्हणजे मक्कॉली. वाफवलेला तांदूळ, पाणी आणि 'नुरुक', म्हणजे बुरशी आणलेली गव्हाची ढेप, एकत्र आंबवायची. थोड्याच दिवसांत दुधासारखी दारू तयार. असे आंबवण भट्टीत गाळले की सोजू. वडीलधाऱ्यांना ती दोन्ही हातांनी ओतायची, आपण तोंड फिरवून प्यायची, ही तिथली रीत.

पुढे धान्यटंचाई आली. १९६५ साली दक्षिण कोरियाच्या सरकारने धान्याची सोजू बंद केली. मग रताळी, टॅपिओका यांच्या मद्यार्कात पाणी आणि गोडी मिसळून सोजू होऊ लागली. बंदी उठली, तरी स्वस्त पडते म्हणून तीच आजही खपते. धान्य वाचले, पण जुनी कला मागे पडली. आम्हांस वाटते, कच्चा माल बदलला की नुसती चव बदलत नाही, शेतकऱ्याचा वाटाही बदलतो.