म्हाताऱ्या पेशी आणि नागीण

आंबोलीत माझ्याकडे नागिणीचा म्हातारा रुग्ण येतो तो बहुधा अंगाला काव फासून, मंत्र घालून, आठवड्याने. तोंड-शेपूट जुळले की माणूस दगावतो ही भीती असतेच. वस्तुतः नागीण शरीराच्या एकाच बाजूच्या मज्जातंतूवर उठते. सहसा ती जुळतच नाही.

लहानपणच्या कांजिण्यांचे विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतात. रक्तातील टी-पेशी त्यांच्यावर पहारा ठेवतात. पण छातीतील थायमस ग्रंथी, जिथे या पेशी तयार होतात, ती वयानुसार आक्रसते आणि पहारेकरीही म्हातारे होतात. म्हणून पन्नाशीनंतर हा धोका वाढतो. पुरळ वाळले तरी आग महिनोन्‌महिने राहू शकते. सदऱ्याचा स्पर्शही सोसवत नाही. असायक्लोव्हिरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू व्हाव्यात. डोळ्याजवळ उठली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे, मग सावंतवाडीला उतरावे लागले तरी.

पन्नाशीवरील लोकांसाठी दोन डोसांची लस भारतात २०२३ साली आली. ती महाग आहे. वेल्समध्ये जुनी लस २ सप्टेंबर १९३३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच मिळाली होती. तारखेच्या अलीकडच्या-पलीकडच्यांची तुलना २०२५ साली प्रसिद्ध झाली: लस घेतलेल्यांत सात वर्षांत स्मृतिभ्रंश सुमारे एक पंचमांशाने कमी. अंगावर उठलेली नागीण मात्र लशीने बरी होत नाही.