ध्रुवीय प्रकाश चंदगडहून का दिसत नाही?

१० मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावर लाल प्रकाश टिपला. मग तो आपल्या चंदगडच्या काळोख्या आकाशात का दिसला नाही? विद्यार्थ्याने असे विचारले, तर ‘आपण ध्रुवापासून दूर आहोत’ एवढ्यावर थांबू नये.

सूर्याकडून विद्युत्‌भारित कणांचा सौरवात सतत वाहतो. तो थेट ध्रुवांवर आदळतो, असे पुष्कळदा शिकवले जाते. ते तितकेसे बरोबर नाही. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र बहुतेक कणांना बाजूला वळवते आणि त्यांच्या रेट्याने स्वतः रात्रीच्या बाजूला शेपटासारखे ताणले जाते. त्या शेपटात साठलेली ऊर्जा मोकळी झाली, की इलेक्ट्रॉन वेग घेऊन बलरेषांच्या अनुरोधाने खाली येतात. या बलरेषा चुंबकीय ध्रुवांभोवतीच्या कड्यात उतरतात. चुंबकीय विषुववृत्त तर भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. त्यामुळे चंदगडवरच्या बलरेषा फार उंच न जाता पलीकडच्या गोलार्धात उतरतात. शेपटापर्यंत त्या पोचतच नाहीत.

हानलेला लालच रंग का? ऑक्सिजनचा उत्तेजित अणू हिरवा प्रकाश सेकंदाच्या आत देतो. लाल प्रकाश द्यायला त्याला सुमारे ११० सेकंद लागतात. दाट हवेत तेवढ्यात दुसऱ्या अणूचा धक्का बसून ऊर्जा निघून जाते. म्हणून हिरवा रंग १०० ते १५० किलोमीटरवर, तर लाल २०० किलोमीटरच्या वर, विरळ हवेत. जितका उंच तितका दुरून दिसणार. ४०० किलोमीटर उंचीवरचा प्रकाश किती दुरून दिसेल, हे पायथागोरसच्या प्रमेयाने वर्गात काढून पाहावे (पृथ्वीची त्रिज्या ६,३७० किलोमीटर). उत्तर सुमारे २,२९० किलोमीटर येते. चंदगडहून हानलेच जवळजवळ १,९०० किलोमीटर, आणि प्रकाश हानलेच्याही बऱ्याच उत्तरेला होता.

अर्थात वादळ मोठे असले, की प्रकाशाचे कडे दक्षिणेकडे सरकते. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री असा प्रकाश मुंबईत दिसल्याचे वृत्त वर्तमानपत्रात आले होते.

प्रकाश दिसला नाही तरी चुंबकसूचीला वादळ कळतेच. १ सप्टेंबर १८५९ रोजी कॅरिंग्टन यांनी सूर्यावर स्फोट पाहिला. सुमारे साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर पोचले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत तेव्हा डोळ्यांनी पाहून नोंदी घेत. क्षेत्राचा आडवा घटक तेथे सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने, म्हणजे जवळजवळ ४ टक्क्यांनी, घसरलेला नोंदला गेला. त्या वादळाचा अभ्यास करणारे आजही कुलाब्याच्या या नोंदी वापरतात. पुढे विजेच्या ट्रामचा व्यत्यय टाळण्यासाठी हे काम अलिबागला हलवले. तेथील वेधशाळा १९०४ पासून चालू आहे.